सीमेपलीकडचा आपला आवाज



आपल्या आकाशवाणीची सुरुवात एका खासगी कंपनीने झाली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. भांडवल तोकडे, परवानाधारक श्रोते मोजके. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. १९५९ मध्ये दिल्लीत दूरदर्शन आले, १९७२ मध्ये मुंबईत.

सरकारची मालकी आली, तसे वादही आले. मंत्री बा. वि. केसकरांनी चित्रपटगीतांना दार लावले; श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणीबाणीत किशोरकुमारांची गाणी बंद झाली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली.

यात आपले काय? १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर आपल्याच प्रांताची राजधानी होती. १९५६ मध्ये नागपूर तिकडे गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीची भाषा हिंदी झाली. पण लहरींना सीमानाका नसतो. नागपूरची मराठी आपल्या ओसरीवर येतच राहिली.

लहरी जनतेच्या, तर त्यांवर आपलाही हक्क आहे. पण श्रोतेच उरले नाहीत, तर आपल्यासाठी बोलेल कोण? म्हणून घरी मुलांसोबत मराठी कार्यक्रम ऐकूया, आवडले-नावडले केंद्राला कळवूया.

गणपती बाप्पा मोरया!