तारुण्यपीटिका आणि चेहऱ्याची सौम्य निगा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभापूर्वी केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय मी चिटणीसांना कळविला तेव्हा ते क्षणभर स्तब्धच झाले. निवृत्त शिक्षकाने वाचनावर बोलावे, शिष्यवृत्त्यांवर बोलावे, फार तर व्यसनमुक्तीवर बोलावे, अशी आपली रीत. तोंडावरच्या मुरुमांवर बोलण्याची ही काय हौस, असे त्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही. परंतु गेल्या वर्षी याच व्यासपीठावर पारितोषिक घेण्यास आलेली एक मुलगी ओढणीने गाल झाकून आली आणि छायाचित्र घेतेवेळी तिने मान फिरविली. नव्वद टक्क्यांवर गुण मिळविलेली ती मुलगी! तेव्हाच मी ठरविले की पुढच्या वर्षी बोलावयाचे ते याच विषयावर.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. वैद्यकाचा अधिकार मला नाही. माझ्या पुतणीच्या निमित्ताने एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे मी वर्षभर खेटे घातले. त्या वेळी त्यांना विचारविचारून जे वहीत टिपून घेतले, तेच येथे सांगत आहे. दुसरा अधिकार असेल तर तो अपराध्याचा. या बाबतीत माझ्या हातून दोन अपराध घडले आहेत.

पहिला १९८९ सालचा. मी तेव्हा आठवीचा वर्गशिक्षक होतो. दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखे, केस व कपडे तपासण्याचा माझा शिरस्ता असे. एका मुलाच्या कपाळावर आणि गालांवर मुरुमांची गर्दी झाली होती. चेहरा सदा तेलाने चमकत असे. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि म्हणालो, “अरे, तुझ्या घरी साबण नाही का? उद्या तोंड नीट घासून ये.” वर्ग हसला. मीही हसलो असेन. दुसऱ्या दिवशी तो गाल सोलल्यासारखे लाल करून आला. कपड्याच्या साबणाने व काथ्याने त्याने तोंड घासले होते. गुरुजींची आज्ञाच होती ना! पुढे वर्षभर तो शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसे. अलीकडे एका लग्नात तो भेटला. चांगला मोठा गृहस्थ झाला आहे. त्याने वाकून नमस्कार केला, आणि त्याच्या गालांवरचे खड्डे मी जवळून पाहिले. ते माझ्या एका वाक्याने पडले असे नव्हे. सूज खोलवर गेली आणि वेळीच उपचार झाले नाहीत म्हणजे असे खड्डे पडतात. परंतु यावर उपचार असतात, हे त्याला सांगणारे कोणी हवे होते. आणि सांगावयास जो उभा होता त्याने त्याला घासणी सांगितली.

माझी चूक मुळात ही, की मुरूम म्हणजे मळ असे मी समजत होतो. वस्तुतः आपल्या सुश्रुतसंहितेतही मुरुमांची गणना अस्वच्छतेत केलेली नाही. तेथे ‘मुखदूषिका’ या नावाने तरुणांच्या मुखावरील या पुळ्यांचे वर्णन येते, त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे, आणि कारण म्हणून शरीरातील दोषच सांगितले आहेत. आजचे शास्त्र काय म्हणते? केसांच्या मुळांशी तेल निर्माण करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांच्या प्रेरणेने या ग्रंथी अधिक तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी त्वचेच्या मृत पेशी चिकटून बूच बसते. तेल आत अडकते, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे, एरवी प्रत्येकाच्या त्वचेवर असणारेच जिवाणू वाढतात आणि सूज येते. मुरुमाचे टोक काळे दिसते तेही मळाने नव्हे. तेथील द्रव्याचा हवेशी संबंध येतो आणि त्यात त्वचेचे रंगद्रव्यही असते. सारांश, सारा प्रकार आतला आहे. वरून कितीही घासले तरी ग्रंथी रिकामी होत नाही, मात्र वरची त्वचा दुखावते.

आपल्या सावळ्या वा गव्हाळ वर्णाच्या लोकांस या दुखावण्याचा एक विशेष त्रास आहे. पुळी बसून जाते, पण मागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. त्वचा जितकी चिडवावी तितके डाग अधिक. म्हणून बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितले की चेहऱ्याशी सौम्यपणे वागणे हा निम्मा उपचार आहे.

आता दिनक्रम सांगतो. तो इतका साधा आहे की आपणांस निराशाच वाटेल.

सकाळी व रात्री, असे दिवसातून दोनदा तोंड धुवावे. फार घाम आला तर आणखी एकदा. दर तासाला धुण्याची सवय असेल तर ती सोडावी. पाणी साधे किंवा कोमट असावे. अंगाच्या साबणाऐवजी सौम्य फेसवॉश घ्यावा. शाळेत आपण ‘सामू’ शिकतो, त्याचा येथे उपयोग होतो. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. साबण लावल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटतो, त्याला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो. ती खरोखर त्वचेची तक्रार असते. बोटांच्या अग्रांनी हलके चोळावे, धुवावे आणि स्वच्छ मऊ पंचाने टिपून घ्यावे. खसाखसा पुसू नये.

त्यानंतर हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर लावावे. तेलकट चेहऱ्यावर पुन्हा मलम कशाला, असा प्रश्न मीही बाईंना विचारला होता. त्यांचे उत्तर असे की तेल निराळे आणि ओलावा निराळा. मुरुमांची औषधे त्वचा कोरडी करतात. ओलावा टिकविला नाही तर आग होते, आणि आग झाली की माणूस औषध टाकून देतो. वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असा शब्द पाहून घ्यावा. छिद्रे बुजू नयेत अशा बेताने केलेले, एवढाच त्याचा अर्थ. दिवसा बाहेर पडताना एसपीएफ ३० वा अधिक असलेले हलके सनस्क्रीन लावावे, कारण उन्हाने डाग गडद होतात. बस्स, सकाळ संपली.

रात्री तोंड धुऊन, कोरडे करून, औषध लावावे व मग मॉइश्चरायझर. औषधांत बेन्झॉईल पेरॉक्साइड हे जुने व भरवशाचे आहे. त्याचे २.५ टक्क्यांचे जेल १० टक्क्यांच्या जेलइतकेच जवळजवळ गुण देते आणि त्रास कमी देते. तेव्हा जास्त टक्क्यांचा हव्यास नको. त्याने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून उशीचा अभ्रा पांढरा असावा. (आमच्या घरातील एक चांगला निळा अभ्रा हे न कळल्यामुळे कामी आला.) दुसरे अडॅपलीन. ते रात्री, वाटाण्याएवढे घेऊन, केवळ पुळीवर नव्हे तर मुरुमे येतात त्या सर्व भागावर पातळ लावावयाचे. आरंभी एक दिवसाआड. पहिले काही आठवडे मुरुमे वाढल्यासारखी वाटतात, तेव्हा घाबरू नये. गर्भवती स्त्रीने मात्र ते वापरू नये. कोणते औषध कोणी घ्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे. गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, हे पंचांगावर खूण करून ठेवावे. आठ दिवसांत ट्यूब बदलणाऱ्याला कोणतेच औषध लागू पडत नाही.

येथे आपल्या मातोश्रींचा थोडा रोष पत्करतो. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपण्याची आपली पद्धत; ते तेल कपाळावर उतरते आणि नेमकी केसांच्या कडेने बारीक मुरुमे येतात. तेल लावावयाचे तर न्हाण्यापूर्वी तासभर लावावे व धुऊन टाकावे. चेहऱ्याला खोबरेल नको. लिंबू चोळून उन्हात जाणे तर निव्वळ धोका. त्याने त्वचा भाजल्यासारखी होऊन काळी पडते. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा या चेहऱ्यावर लावण्याच्या वस्तू नव्हेत. दिवाळीचे उटणे वर्षातून एकदा लावण्यास माझी हरकत नाही, परंतु मुरुमांवर ते खरखरीत चोळू नये. पुळी फोडू नये, हे सांगितले तरी कोणी ऐकत नाही, तरीही सांगतो. आहाराविषयी इतकेच, की अतिगोड व मैद्याचे पदार्थ कमी केल्याने काहींना गुण येतो. पण ‘वडे खाल्लेस म्हणून झाले’ असे मुलांना ऐकवीत बसू नये.

आता माझा दुसरा अपराध. २०१९ साली पुतणीसाठी स्थळे पाहण्यास आरंभ झाला. चेहऱ्यावर मुरुमे आणि डाग. छायाचित्र तर पाठवावयाचे. मी, तिचा काका, औषधाच्या दुकानात गेलो आणि “चेहरा लवकर साफ होईल असे काही द्या” म्हणालो. दुकानदाराने एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, छायाचित्र उत्तम आले आणि मी घरात बढाई मारली. तीन महिन्यांनी तिचे गाल लालबुंद झाले, उन्हात गेले की आग होई, पूर्वीहून अधिक पुळ्या उठल्या, बारीक लव वाढली. ट्यूब बंद केली की दोन दिवसांत दुप्पट त्रास. म्हणून ती पुन्हा लावी. बाईंनी ट्यूब हातात घेतली आणि वेष्टनावरच्या एका शब्दावर बोट ठेवले. तो स्टेरॉइड होता. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावे कृपया टिपून घ्या. ही औषधे आपापल्या जागी उपयोगी आहेत, पण मुरुमांवर नव्हेत. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ सालीच केला होता. मी चिठ्ठीवाचून मागितले आणि मला चिठ्ठीवाचून मिळाले. ती सवय सुटून चेहरा शांत होण्यास वर्ष लागले. ज्यांच्या घरी अशी ट्यूब रोज वापरात असेल त्यांनी ती एकाएकी न थांबविता डॉक्टरांना दाखवावी.

कठीण गाठी, खोल दुखणारे मुरूम, खड्डे पडू लागणे, मुलींच्या बाबतीत पाळीची अनियमितता किंवा हनुवटीवर केस, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती दिनक्रमावर विसंबून राहू नये. आणि मूल चेहऱ्यापायी शाळा-कॉलेज टाळू लागले, आरशापुढून हलेना किंवा आरशासमोर जाईना, तर मुरुमे मोजत न बसता त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

पुतणी आज येथे उपस्थित आहे. तिच्या अनुमतीनेच हे सांगितले. फिकट डाग आहेत, आणि ती त्यांसह बँकेत नोकरी करते.

कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. आपल्या वधू-वर नोंदणीच्या अर्जात ‘वर्ण’ असा एक रकाना आहे आणि खाली ‘चेहऱ्यावर व्यंग असल्यास लिहावे’ अशी सूचना आहे. अनेक मुली त्या जागी ‘मुरुमे’ असे लिहितात, हे मी नोंदवही चाळताना पाहिले आहे. तो रकाना व ती सूचना पुढील छपाईत गाळावी. तसेच थोड्या वेळाने गौरव-समारंभ सुरू होईल, तेव्हा “जरा चेहरा पुसून या” असे मुलांना म्हणू नये, एवढे चिटणीसांनी छायाचित्रकारांस आधीच सांगून ठेवावे.