एक मार्ग, अनेक उपकरणे

संगणकास कॅमेरा जोडावा, तो चालावा. शेजारी दुसरा जोडावा, तर तो पुष्कळदा सुरूच होऊ नये. दोष कॅमेऱ्याचा नसतो. मार्गावर वेळ शिल्लक नसतो.

२००० साली निघालेल्या यूएसबी २.० या पद्धतीचा कमाल वेग सेकंदास ४८ कोटी बिट. पण तो सर्व उपकरणांचा मिळून होय. येथे यजमान संगणक विचारील तेव्हाच उपकरणाने उत्तर द्यावयाचे. यजमान सेकंदाचे ८,००० भाग पाडतो. प्रत्येक भागातील ८० टक्क्यांपर्यंत वेळ कॅमेरा, ध्वनियंत्र इत्यादींकरिता राखता येतो. उरलेल्या वेळात आज्ञांची देवघेव आणि साठवणीच्या पेटीचे काम. एका खाचेस चार फाटे फोडल्याने मार्ग चौपट होत नाही.

यात पेटीवर अन्याय होतो काय? राखीव वेळेत आलेला चित्राचा तुकडा बिघडला, तर तो पुन्हा मागविला जात नाही. त्याचा क्षण सरलेला असतो. पेटीस ताटकळावे लागते, परंतु तिचा बिघडलेला तुकडा पुन्हा पाठविला जातो. कॅमेऱ्यास वेळेची हमी मिळते, अचूकतेची नाही. पेटीस अचूकतेची मिळते, वेळेची नाही.