नाथसागरावरची वीज आणि काठावरची माणसे



 अभियंत्यांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो इथून, पडेगावातून, तासाभराच्या वाटेवर, पैठणला आहे.

जायकवाडीच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, तरंगता सौरप्रकल्प उभारण्याची योजना एनटीपीसीने आखली आहे. टिहरीचे धरण बांधणारी टीएचडीसी २०२० पासून एनटीपीसीच्या छत्राखाली आहे. तिने त्यासाठी निविदा काढली. क्षमता तेराशे मेगावॅटच्या घरात सांगितली गेली. मासेमारांच्या कहार समाज पंच समितीने या योजनेविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, लवादाने याचिका फेटाळली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. तेव्हापासून आपल्या वर्तुळात ‘चला, अडथळा दूर झाला’ असा सूर ऐकू येतो. मला तो पटत नाही. प्रकल्प कायद्यात बसतो की नाही, एवढेच कोर्टापुढे होते. तो पाण्यात नेमका कुठे आणि कसा नांगरायचा, हे अजून ठरायचे आहे आणि ते ठरवणे आपल्या पेशाचे काम आहे.

आधी माझी बाजू सांगतो. हा प्रकल्प व्हावा, असे मला ठामपणे वाटते. औष्णिक वीज किती पाणी पिते, हे मराठवाड्याइतके कोणाला ठाऊक आहे? २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. एनटीपीसीच्या सोलापूर केंद्राचे १३२० मेगावॅट उजनीच्या पाण्यावर चालतात. १९७५ मध्ये स्थापन झालेली, कोळशावरच वाढलेली ही कंपनी २०३२ पर्यंत ६० गिगावॅट नवीकरणीय क्षमता उभारण्याचे ध्येय ठेवते आणि त्यासाठी आपल्या दारात येते, याचे स्वागतच केले पाहिजे.

पण आपण अभियंते आहोत, तेव्हा तपशिलात शिरू. एनटीपीसीचा रामगुंडमचा १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प जुलै २०२२ मध्ये पूर्ण झाला. पाचशे एकर पाण्यावर अडीच-अडीच मेगावॅटचे चाळीस गट आहेत. एकेका गटात ११,२०० सौरपट्ट्या, आणि त्यांच्याबरोबर इन्व्हर्टर, रोहित्र, ब्रेकर हे सगळे तरंगत्या फलाटावरच. हा पसारा जागचा हलू नये म्हणून तळाशी जड ठोकळे सोडून दोरांनी तो बांधून ठेवला आहे. काम देखणे आहे, त्यात वाद नाही. बाष्पीभवन रोखून वर्षाला साडेबत्तीस लाख घनमीटर पाणी वाचते, असा तिथला अंदाज आहे. तोच हिशेब तेराशे मेगावॅटला लावला तर आपले सुमारे दीड टीएमसी पाणी वाचेल. पाण्यावरून नगर-नाशिकशी दरवर्षी भांडणाऱ्या मराठवाड्याला दीड टीएमसीची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र रामगुंडमचा तलाव समतोल जलाशय आहे. तिथली पातळी फारशी हलत नाही. नाथसागराची गोष्ट निराळी. भरला की १५२२ फूट, आणि मृतसाठ्यावर आला की पातळी पंचवीस फुटांहून अधिक खाली. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात ती तशी गेली होती. भरल्या धरणाचा साडेतीनशे चौरस किलोमीटरचा पसारा तेव्हा आटत आटत भिंतीकडे आणि गोदावरीच्या जुन्या पात्राकडे सरकतो. उघड्या पडलेल्या तळावर धरणग्रस्त गाळपेर करतात. पट्ट्या गाळात टेकू द्यायच्या नसतील तर त्या खोल पाण्यातच नांगराव्या लागतील. आणि उन्हाळ्यात कटला, रोहू उरतात ते त्याच खोल पाण्यात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारा माणूसही तिथेच जातो.

म्हणून ‘जलाशयाचा दहावा हिस्सासुद्धा झाकला जाणार नाही’ या युक्तिवादाने माझे समाधान होत नाही. पूर्ण भरलेल्या धरणाचा तो हिशेब आहे. मे महिन्यात रामगुंडमच्या प्रमाणाने लागणारे सहा-साडेसहा हजार एकर उरलेल्या पाण्याचा किती भाग व्यापतील, हा नकाशा सगळ्यात आधी काढायला हवा, आणि तो मासेमारांना सोबत बसवून. कुठल्या कोनातून वळवाचा वारा सुटला की लाटा कुठे आदळतात, जुन्या पात्राचा काठ कुठे तुटतो, बुडालेल्या गावांच्या भिंती कुठे जाळ्याला लागतात, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक आहे. नांगरणीच्या आराखड्याला याच माहितीची गरज आहे.

पक्ष्यांविषयी थोडेच बोलतो. १९८६ पासून नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. रोहित पक्षी उथळ चिखलात चरतात, पट्ट्या खोल पाण्यात राहतील. त्यामुळे मला पट्ट्यांपेक्षा काठावरून जाणाऱ्या तारांची काळजी अधिक वाटते. अभयारण्याच्या हद्दीत वीजवाहिनी भूमिगतच असावी. खर्च वाढेल, वाढू द्या.

आता ही वीज कोणाची, हा प्रश्न. पडेगावच्या २२० केव्ही उपकेंद्रावर काम केलेली मंडळी या सभागृहात आहेत. करार कुणाशीही होवो, प्रवाह जवळच्या भाराकडे धावतो, हे त्यांना सांगायला नको. पण शेतकऱ्याचा पंप करारावर चालतो, कृषी फीडरच्या वेळापत्रकावर चालतो. रात्री दोन वाजता थ्री-फेज आली की थंडीत, विंचू-काट्यात दारे धरायला तोच उठतो. याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा अवघा तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, आणि शेतीला दिवसा वीज देता येते हे दिसले. तीन मेगावॅटला जे जमले ते तेराशे मेगावॅटच्या शेजारी राहणाऱ्यांना मिळू नये, हे मला मान्य नाही. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांनी धरणासाठी जमिनी दिल्या. त्यांच्या कृषी फीडरना दिवसा पुरेल एवढा हिस्सा महावितरणने या प्रकल्पाच्या वीजखरेदी करारातच राखून घ्यावा.

रोजगाराचेही तसेच. पट्ट्या धुवायला, दोरांचा ताण तपासायला, बिघडलेल्या इन्व्हर्टरपर्यंत तंत्रज्ञ पोहोचवायला बारा महिने होड्या लागणार आहेत. त्या होड्या चालवणारी माणसे नाथसागराच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या मुलांना पैठणच्या आयटीआयमध्ये आतापासून प्रशिक्षण मिळाले तर प्रकल्प उभा राहीपर्यंत ती तयार होतील. गटांमधून जाळी टाकायला रुंद वाटा आणि मासळी उतरवायच्या जागा मोकळ्या ठेवण्याची अट मात्र निविदेतच हवी. ठेकेदाराच्या मर्जीवर ती सोडता येणार नाही.

उद्या दुपारच्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, मृतसाठ्याच्या पातळीवरचा नकाशा प्रकल्पाच्या मंजुरीआधी मराठीत छापून काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. दुसरा, तो काढण्यासाठी आपल्यातल्या निवृत्त अभियंत्यांची तुकडी विनामोबदला पैठणला पाठवावी. माझे नाव त्या यादीत मी आधीच लिहिले आहे. ज्यांना यायचे आहे, त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीत नोंदणीच्या टेबलाशी यावे.