रक्तदाब : बोंड फोडल्याशिवाय अळी दिसत नाही
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, पीक विमा, रात्रीची वीज हे सगळे विषय सोडून आज आम्ही बीपीवर बोलायला का उभे राहिलो, असा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पडला असेल. सकाळी मंडपात शिरताना एका काकांनी तोंडावर विचारलंच, "काय बाप्पा, संघटनेचा आता दवाखाना केला काय?" काकांचा राग आम्हाला मान्य आहे. भावाचा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. पण भावासाठी रस्त्यावर बसायला माणूस उभा पाहिजे, आणि आपली उभी माणसं एका मागोमाग एक आडवी होताना आम्ही पाहतो आहोत.

तालुक्यातला आपला एक जुना कार्यकर्ता. नाव सांगत नाही, घरच्यांची इच्छा नाही. वय पन्नाशीच्या आत. सीतादही होऊन आठ दिवस झाले होते, पहिला वेचा चालू होता. सकाळी बैल सोडायला गोठ्यात गेला तो उजवा हात उचलेना, शब्द जिभेतच अडकले. घरच्यांना वाटलं, अंगावरून वारं गेलं. आधी तेल चोळलं. मग शेजारच्या गावी नेलं, दुपारी तालुक्याला, रात्री जिल्ह्याला. रक्ताच्या गुठळीनं लकवा झाला असेल तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. आपला माणूस पोहोचला तेव्हा ती वेळ केव्हाच टळली होती. डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची गोळी चालू होती का?" बायको म्हणाली, "यायले कधी तापही येत नव्हता, गोळी कायची?"

तो वाचला. पण हात गेला तो गेलाच. बैलजोडी विकली, दोन एकर मक्त्यानं दिलं, आणि आता राहिलेलं शेत ती बाई एकटी पाहते. नापिकीनं किंवा सावकारानं जमीन गेली तर आपण मोर्चा काढतो. ही जमीन कशानं गेली? एका पट्ट्यानं दोन मिनिटांत मोजता येणारी गोष्ट कोणीच मोजली नाही म्हणून.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या, गादीवर बसणाऱ्या लोकांचं दुखणं. आम्हीही तसंच म्हणत होतो. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. तिथला माणूस धान लावणारा, जंगलात राबणारा, पोट सुटलेला नव्हे. तरीही मृत्यूंच्या कारणांत पहिला नंबर लकव्याचा निघाला. दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक लोक दवाखान्यात नाही, घरीच गेले. आणि लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे. देशभराची २०१९-२१ ची सरकारी कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत शंभरातल्या चोविसांना आणि बायकांत एकविसांना हा त्रास आहे. म्हणजे या मंडपात चार-पाच माणसांमागे एक. तुमच्या शेजारी कोण बसलंय ते बघा, आणि तोही तुमच्याकडेच बघतोय हे लक्षात ठेवा.

हा दाब म्हणजे काय? फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्याला समजावून सांगायला नको. दांडा मारला की नळीत दाब वाढतो, सोडला की उतरतो. हृदयाचं तसंच. ठोका पडतो तेव्हाचा दाब तो वरचा आकडा, दोन ठोक्यांमधला तो खालचा. १२०/८० च्या आसपास असला तर चांगला. वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार निघाला तर रक्तदाबाचा आजार समजायचा. पंपात दाब रोजच जास्त राहिला तर नळी त्याच दिवशी फुटत नाही. आधी कडक होते, मग तिला चिरा पडतात, आणि ऐन फवारणीत एक दिवस जाते. माणसाच्या अंगात ही नळी मेंदूत जाते, हृदयात जाते, मूत्रपिंडात जाते, डोळ्यात जाते.

आणि दुखत काही नाही. इथेच सगळा घोटाळा आहे. "डोकं दुखलं की बीपी तपासू" असं म्हणणारा माणूस गुलाबी बोंडअळी बोंडाच्या वर येऊन बसायची वाट पाहणाऱ्यासारखा आहे. बोंड वरून हिरवंगार असतं, फोडलं की आत सरकी खाल्लेली. म्हणून तर आपण कामगंध सापळे लावायला शिकलो. पण सापळ्यात एका रात्री पतंग दिसले म्हणून कोणी लगेच फवारत नाही. सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री पडले, तर फवारणी. रक्तदाबाचाही हिशेब असाच. एकदा जास्त निघाला म्हणून घाबरायचं नाही आणि एकदा बरा निघाला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजायचा, लिहून ठेवायचा.

आता आमची चूक सांगतो, कारण ती तुम्ही करू नये. पहिल्या वेळी आम्ही हौसेनं बाजाराच्या दिवशी टेबल मांडलं. फलक लावला, हार घातला, फोटो काढले. लोक चालत आले, तोंडात खर्रा, हातात चहाचा कप, उभ्याउभ्या बाहीवरूनच पट्टा बांधला. बोलत बोलत मोजलं. भलभलते आकडे निघाले. काही लोक घाबरून थेट खाजगी दवाखान्यात गेले आणि दोन हजाराला बुडाले. ज्यांचा खरोखर जास्त होता त्यांना आम्ही म्हणालो, "डॉक्टरला दाखवा." झालं! तीन महिन्यांनी परत गेलो तर एक बाई म्हणाली, "तुमी आकडा सांगून गेले, पुढं काय कराचं ते कोणी सांगतलं?" उत्तर नव्हतं. पुढाऱ्यांच्या महाआरोग्य शिबिरांना आम्ही नावं ठेवत होतो, आणि तेच करून बसलो होतो. मोजून सोडून देणं म्हणजे पेरून निंदण न करणं.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. बाजार नाही, गावातच समाजमंदिरात, सकाळी शेतात जायच्या आधी. तपासणीआधी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा बंद. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता गप्प बसायचं. आपल्या माणसांना पाच मिनिटं गप्प बसवणं हेच सगळ्यात अवघड गेलं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दोन वेळा मोजायचं, मध्ये एक-दोन मिनिटं सोडून. दंडाला लावायचं चांगलं यंत्र बीटी सरकीच्या दोन-तीन पाकिटांच्या किमतीत येतं. मनगटाचं घेऊ नका.

आणि वही. यंत्रापेक्षा वही महत्त्वाची. नाव, वय, आकडा, तारीख, पुन्हा कधी यायचं, गोळी मिळाली का. आशाताईंना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी हे सरकारी कार्यक्रमातलंच काम आहे, त्याचा फॉर्म त्याच भरतात. आपण त्यांच्या कामात लुडबूड करायची नाही, त्यांच्या मागे माणसं उभी करायची. ज्याचा वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे, त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली किंवा छातीत दुखायला लागलं तर यंत्र शोधत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा.

बायका आल्या, बाप्ये येईनात. "मले काय झालं?" हे एकच उत्तर. शेवटी भजनी मंडळ आणि सोसायटीच्या सभेला यंत्र घेऊन गेलो तेव्हा आले. पोटुशी लेकीसुनांचं मात्र वेगळं सांगतो. त्यांचा दाब दर तपासणीला बघितलाच पाहिजे. तिथे जीव दोन आहेत.

गोळीबद्दल बोललं पाहिजे. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या जुन्या, स्वस्त गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळायच्या आहेत. कोणती, किती, हे डॉक्टर ठरवतील. आपला आजार वेगळाच आहे. महिनाभर गोळी खाल्ली, दाब १३० वर आला, की माणूस म्हणतो, बरा झालो, गोळी बंद. अहो, कुंपण घातलं म्हणून डुकरं वावरात आली नाहीत. डुकरं आली नाहीत म्हणून कुंपण काढून टाकता का?

पण कधी कधी माणूस गोळी सोडत नाही, गोळीच माणसाला सोडते. एका केंद्रात सलग दोन महिने "साठा संपला" ऐकून आमच्या वहीतले लोक परत आले. रोजी बुडवून, भाडं खर्चून. इथे संघटनेचं काम आहे. देशपातळीवरचा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम आपल्या राज्यात आधी वर्धा, भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात ठरलेली औषधं, प्रत्येकाचं कार्ड, महिन्याची गोळी एकदम आणि घराजवळच्या उपकेंद्रात, अशी पद्धत घातली आहे. म्हणजे होत नाही असं नाही. ग्रामसभेत ठराव घ्या, वहीतले आकडे मांडा, तीस दिवसांची गोळी उपकेंद्रात मागा. भीक म्हणून नाही, हक्क म्हणून. वही असली की साहेबाला "तक्रार नाही" म्हणता येत नाही.

राहिलं खाण्याचं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक लहान चमचा, दिवसभरात सगळं मिळून. आपली ज्वारीची भाकर निर्दोष आहे, दोष तिच्या शेजारी बसलेल्या ठेचा, लोणचं, पापड, शेव-चिवड्याचा. "उन्हात घाम गाळतो, मीठ नको काय?" हा प्रश्न प्रत्येक गावात आला. उन्हात पाणी भरपूर प्या, ऊन लागलं तर मीठ-साखरेचं पाणी घ्या. पण ताटात वरून मीठ घेण्याला घामाचं निमित्त करू नका. खर्रा आणि दारू दोन्ही दाब वाढवतात, हे सांगताना आमच्याच काही कार्यकर्त्यांनी मान खाली घातली. आणखी एक, जे कोणी सांगत नाही. वेचणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून दुकानातून आणून रोज खाल्लेली दुखण्याची गोळीही दाब वाढवते आणि मूत्रपिंड खराब करते. ती खात असाल तर डॉक्टरला आवर्जून सांगा.

प्रत्येक गाव शाखेनं दोन माणसं द्यायची आहेत, त्यात एक बाई असलीच पाहिजे. त्यांना पट्टा बांधायला आणि वही भरायला आम्ही शिकवू. पुढच्या मेळाव्याला येताना किती लोकांचं मोजलं हे सांगू नका. ज्यांचा जास्त निघाला त्यातल्या किती जणांची गोळी अजून चालू आहे, तेवढं सांगा.

मंडपाच्या डाव्या हाताला टेबल मांडलं आहे. जेवणाच्या आधी तपासणी आहे, रांग बायकांची वेगळी. ज्यांच्या तोंडात खर्रा आहे त्यांनी तो आत्ताच थुंकून यावा आणि अर्ध्या तासानं रांगेत लागावं. ते सकाळचे काका कुठे बसलेत? काका, पहिला नंबर तुमचा.