मागे वळण्याचा मोह



५ मार्च २०१५. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून रायन पीटी-२२ जातीचं एक विमान उडालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, वैमानिकांना शिकवण्यासाठी बांधलेलं. चालवत होते ७२ वर्षांचे अभिनेते हॅरिसन फोर्ड. विमान अजून चढत होतं, तेवढ्यात इंजिनानं दगा दिला. ‘ताबडतोब परत येतो’ असं नियंत्रण कक्षाला कळवून ते डावीकडे वळू लागले. पण धावपट्टी गाठता येणार नाही हे लक्षात येताच त्यांनी तो नाद सोडला आणि जवळच्या गोल्फच्या मैदानाकडे विमान नेलं. झाडाच्या शेंड्याला लागून विमान आदळलं. ते जबर जखमी झाले, पण वाचले. जमिनीवर कुणाला खरचटलंही नाही.

चौकशीत कारण सापडलं ते कार्ब्युरेटरमध्ये. इंजिनाला किती पेट्रोल जावं हे ठरवणारा मुख्य जेट आट्यांतून सुटून आडवा झाला होता. पेट्रोल संपलं नव्हतं. बेसुमार येत होतं. हवेशी त्याचं प्रमाण बिघडलं आणि ताकद गेली. या जेटची देखभाल कशी करावी, याची सूचनाच उपलब्ध नव्हती. खांद्याचा पट्टा मागाहून बसवलेला होता, पण तो जिथे जोडला त्या आसनाच्या पाठीला बळकटी दिलेली नव्हती.

आता मुख्य मुद्दा. मागे वळण्याचा मोह एवढा घातक का?

समजा, वेग ताशी १३० किलोमीटर आहे आणि विमान ३० अंश कलवून वळवलं. अर्धं वर्तुळ पुरं होईल तेव्हा धावपट्टी सुमारे ४५० मीटर बाजूला राहिलेली असेल. म्हणजे आणखी वळा, मग उलट वळून रेषेत या. आणि हे सगळं इंजिनाविना, उंची गमावत. जास्त कलवावं, तर पंखांवरचा भार वाढतो. ६० अंशांवर तो दुप्पट होतो आणि विमान ज्या वेगाला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. त्यात जमीन जवळ येताना दिसली की हात आपसूक काठी मागे ओढतो. पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो, एक पंख खाली पडतो, आणि सावरायला उंचीच उरलेली नसते.

म्हणून शिकवण असते ती अशी: आधी नाक खाली, वेग राखा, मग समोर, थोडं डावी-उजवीकडे, मोकळी जागा धरा. वेळ असेल तर पेट्रोल बंद, इग्निशन बंद. शेत असो, मैदान असो, पंख सरळ ठेवून ताब्यातल्या विमानानं टेकलेलं बरं. पुरेशी उंची असेल आणि सराव असेल, तर परतणं शक्य असतं. पण ती उंची किती, हे उडण्याआधी ठरवायचं असतं.

चांगला प्रशिक्षक धावपट्टीच्या तोंडाशी विद्यार्थ्याकडून हे मोठ्यानं वदवून घेतो: ‘इतक्या उंचीच्या आत इंजिन गेलं, तर मी वळणार नाही.’ संकटात विचार करायला मिळतात ते मोजके क्षण. तेवढ्यात नवा निर्णय सुचत नाही, आधी घेतलेला आठवतो.

विमान महागाचं असतं, जुनं असेल तर जिवापाड जपलेलं असतं. तरीही इंजिन थांबलं की त्याची आशा सोडावी आणि आतल्या माणसांचा विचार करावा. उडायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाआधी पाठ असलंच पाहिजे, आणि ते करून घेणं ही शिकवणाऱ्यांची जबाबदारी आहे.