शस्त्रनियंत्रणाचा कायदा आणि वर्गीय राज्यसत्ता
कॅलिफोर्नियातील १९६७ च्या विधेयकाचा धडा

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

कॉम्रेड्स,

अमेरिकेतील बंदुकांचा प्रश्न आपल्या वृत्तपत्रांतून येतो तो बहुधा एखाद्या शाळेतील गोळीबाराच्या बातमीच्या रूपाने. मग तीच ठरावीक चर्चा सुरू होते. एका बाजूला बंदुकांवर निर्बंध मागणारे, दुसऱ्या बाजूला बंदूक बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानणारे. या चर्चेत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : कायदा करणारी राज्यसत्ता कोणत्या वर्गाची आहे, आणि तो कायदा नेमक्या कोणाच्या हातातील शस्त्र काढून घेतो?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात १९६७ साली आलेल्या एका विधेयकाची हकीकत मी आपल्यापुढे मांडणार आहे. अमेरिकेत शस्त्रांविषयीचे बरेचसे कायदे पन्नास राज्यांची विधिमंडळे करतात. त्यामुळे या प्रश्नावरचे खरे झगडे पुष्कळदा राज्यांच्या राजधान्यांतच होतात.

गुलामगिरीच्या अंतानंतरची निःशस्त्रीकरणे

कृष्णवर्णीयांच्या हातात शस्त्र असू नये, ही अमेरिकन सत्ताधाऱ्यांची जुनी चिंता आहे. यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली, त्याच १८६५ साली मिसिसिपी राज्याने एक कायदा केला. स्थानिक मंडळाच्या परवान्याखेरीज मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाला बंदूक बाळगता येणार नाही, असे त्यात ठरविले होते. मळेवाल्यांना मजूर हवे होते ते निमूटपणे राबणारे. स्वतःचे आणि कुटुंबाचे रक्षण करू शकणारा मजूर त्यांना नको होता.

पुढे कायद्याच्या भाषेतून वर्णाचा उल्लेख गेला, पण व्यवहार बदलला नाही. १९५६ साली अलाबामातील माँटगोमेरी येथे बसबहिष्काराचा लढा चालू असताना डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. अहिंसेच्या या पुरस्कर्त्याने त्यानंतर शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारण्यात आला. कायदा सर्वांना सारखाच होता. परवाना देणे मात्र स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते, आणि ती मर्जी कोणत्या बाजूची असे, हे सांगण्याची गरज नाही.

ओकलंडमधील गस्त

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना केली. त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमात रोजगार, घरे व शिक्षण यांच्या मागण्या होत्या आणि पोलिसी अत्याचार थांबविण्याचीही मागणी होती. कॅलिफोर्नियाच्या त्या वेळच्या कायद्यानुसार भरलेली बंदूक उघडपणे, कोणावर न रोखता, सार्वजनिक ठिकाणी नेण्यास मुभा होती. न्यूटन यांनी कायद्याचा अभ्यास केला होता. पोलीस एखाद्या कृष्णवर्णीयाला रस्त्यात अडवीत, तेव्हा पँथर कार्यकर्ते कायद्याने ठरविलेले अंतर राखून, बंदुका घेऊन उभे राहत आणि अडविलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगत. एका हातात कायद्याचे पुस्तक आणि दुसऱ्या हातात बंदूक, असे हे दृश्य होते. त्यात बेकायदेशीर काहीही नव्हते.

१ एप्रिल १९६७ रोजी जवळच्या नॉर्थ रिचमंडमध्ये डेन्झिल डोवेल हा बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळीने मारला गेला. पँथर पक्षाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने आवाज उठविला आणि वस्तीत सभा घेतल्या. याच एप्रिल महिन्यात रिपब्लिकन पक्षाचे आमदार डॉन मलफर्ड यांनी विधानसभेत १५९१ क्रमांकाचे विधेयक मांडले. भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी नेणे हा त्यान्वये गुन्हा ठरणार होता. पुरस्कर्त्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे आमदारही होते. राज्यसत्तेच्या सशस्त्र दलांचा प्रश्न निघताच भांडवलदारांच्या दोन पक्षांतील मतभेद कसे मावळतात, याचे हे उदाहरण आहे.

सॅक्रमेंटो, २ मे १९६७

पँथर पक्षाने विधेयकाचा अर्थ ताबडतोब ओळखला. २ मे रोजी त्यांचे सुमारे तीस कार्यकर्ते, त्यांपैकी सहा स्त्रिया, राज्याच्या राजधानीत विधिमंडळाच्या इमारतीत गेले. अनेकांजवळ बंदुका होत्या. बॉबी सील यांनी न्यूटन यांनी लिहिलेले निवेदन वाचून दाखविले. रेड इंडियनांचा संहार, कृष्णवर्णीयांची गुलामी, जपानी वंशाच्या नागरिकांसाठी उघडलेल्या छावण्या, हिरोशिमा व नागासाकी आणि त्या वेळी चालू असलेले व्हिएतनाम युद्ध या साऱ्यांची एक साखळी त्यात दाखविली होती. प्रेक्षक सज्जाकडे जाऊ पाहणारे काही कार्यकर्ते चुकून थेट सभागृहात पोहोचले. परतीच्या वाटेवर त्यांना अटक झाली. सील यांना पुढे काही महिने तुरुंगात काढावे लागले.

त्या दिवसानंतर विधेयक अधिकच कडक करण्यात आले. विधिमंडळाच्या इमारतीत भरलेले शस्त्र नेण्यासही बंदी घालण्यात आली. तातडीचा कायदा म्हणून ते मंजूर झाले आणि २८ जुलै १९६७ रोजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बंदूकधारकांच्या हक्कांचे कैवारी म्हणून मिरविणारे हेच ते रेगन. नॅशनल रायफल असोसिएशन ही १८७१ पासूनची संघटना आज बंदुकांवरील प्रत्येक निर्बंधाविरुद्ध आकाशपाताळ एक करते. १९६७ च्या या विधेयकाला मात्र तिने विरोध केला नाही.

तीन प्रश्न

या हकीकतीवरून असे विधेयक वाचण्याची एक पद्धत आपल्याला मिळते. पहिला प्रश्न : विधेयक कधी आले? कॅलिफोर्नियात उघडपणे बंदूक नेण्याची मुभा कितीतरी वर्षांपासून होती. ती धोकादायक वाटू लागली ती कृष्णवर्णीय तरुणांनी तिचा उपयोग सुरू केल्यावर. दुसरा प्रश्न : सूट कोणाला? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पोलीस, सैनिक, बँकांचे पहारेकरी आणि परवानाधारक यांना सूट होती. मालमत्तेच्या रक्षणासाठीची बंदूक रस्त्यावर राहिली, वस्तीच्या रक्षणासाठीची गेली. तिसरा प्रश्न : अंमल कोणाच्या हाती? ज्या पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी पँथर गस्त घालीत होते, त्याच पोलिसांच्या हाती हा कायदा देण्यात आला.

शस्त्रे काढून घेतल्यावर हिंसा थांबली काय? ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे शिकागोत पोलिसांनी पँथर पक्षाचे एकवीस वर्षांचे नेते फ्रेड हॅम्प्टन यांना त्यांच्या घरात ठार केले. मार्क क्लार्क हे आणखी एक कार्यकर्तेही मारले गेले. पोलिसांनी ऐंशीहून अधिक गोळ्या झाडल्या होत्या आणि पँथरांच्या बाजूने फार तर एक, असे संघराज्याच्या चौकशीत आढळले.

आता याच्याशेजारी दुसरी घटना ठेवा. ३० एप्रिल २०२० रोजी मिशिगन राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंग येथे, कोरोनाकाळातील निर्बंधांना विरोध करणारे निदर्शक रायफली घेऊन विधिमंडळात शिरले. ते बहुसंख्येने श्वेतवर्णीय होते. काही जण सिनेटच्या सज्जात शस्त्रे घेऊन उभे होते. त्याच दिवशी रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने गव्हर्नरच्या आणीबाणीच्या आदेशाला मुदतवाढ नाकारली. त्या इमारतीत उघडपणे शस्त्र नेण्यास बंदी झाली ती जानेवारी २०२१ मध्ये. एका ठिकाणी तीस कृष्णवर्णीयांसाठी तीन महिन्यांच्या आत राज्यभर लागू होणारा कायदा, दुसऱ्या ठिकाणी केवळ एका इमारतीपुरत्या बंदीसाठी आठ महिने. राज्यसत्ता आपला शत्रू कोणाला मानते, हे यावरून स्पष्ट होते.

आपली भूमिका

कॉम्रेड्स, येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मलफर्ड कायद्याचा निषेध करणे म्हणजे बंदूकवाल्यांच्या मेळ्यात सामील होणे नव्हे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. या मृत्यूंवर नफा कमावणारा शस्त्रोद्योग आहे, आणि २००५ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून शस्त्रांच्या दुरुपयोगाबद्दलच्या बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून या उद्योगाला संरक्षण दिले. कारखानदाराला संरक्षण आणि गरीब वस्तीतील तरुणाला तुरुंग, हे भांडवलशाहीचे शस्त्रनियंत्रण आहे. जनतेच्या जीविताचे रक्षण करणारे निर्बंध आणि जनतेला दाबून टाकण्यासाठी आणलेले निर्बंध यांत फरक करणे हे आपले काम आहे. तो फरक विधेयकाच्या नावावरून कळत नाही. कलमे वाचूनच कळतो.

दुसरा मुद्दा डावपेचाचा आहे. पँथर कार्यकर्त्यांचे धैर्य निर्विवाद होते आणि त्यांनी विधेयक वेळीच ओळखले हेही खरे. परंतु तीस माणसे राजधानीत गेली तेव्हा त्यांच्यामागे कामगार संघटना नव्हत्या, विधिमंडळात त्यांची बाजू मांडणारे बळ नव्हते. वृत्तपत्रांनी बंदुकांची छायाचित्रे छापली. निवेदनातील विचार मागे पडला. विधेयकाच्या पुरस्कर्त्यांना हवे असलेले निमित्त मिळाले. १९६९ च्या जानेवारीत याच पक्षाने ओकलंडमधील एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत न्याहारी देण्यास सुरुवात केली आणि ते काम अनेक शहरांत पसरले. वस्त्यांतील मायबहिणी पक्षाच्या कामाशी जोडल्या गेल्या त्या अशा कामातून. हा जनाधार १९६७ साली उभा असता तर विधेयकाविरुद्धचा लढा अधिक विस्तृत पायावर लढता आला असता. शस्त्र हाती असणे म्हणजे शक्ती असणे नव्हे; संघटित जनता ही शक्ती आहे.

आपल्याकडील धडा

१९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ओकलंडच्या या पक्षावरून घेतले, हे आपण जाणतोच. परंतु निःशस्त्रीकरणाच्या कायद्यांचा आपला अनुभव त्याहून जुना आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा केला. भारतीयांना परवान्याची सक्ती आणि युरोपियनांना सूट, असे त्याचे स्वरूप होते. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच सालचा. हात आणि तोंड एकाच वेळी बांधण्यात आले. वरील तीन प्रश्न या कायद्यांना लावून पाहा. उत्तरे तीच मिळतील.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. एका व्यक्तीला तीनऐवजी एकच शस्त्र ठेवता यावे, असे मूळ विधेयकात होते. आक्षेपांनंतर संसदेने मंजूर केले ते दोन. विधेयक सभागृहात असताना बदलता येते, हे परवानाधारक शस्त्रवाल्यांना ठाऊक होते. श्रमिकांनाही ते ठाऊक असले पाहिजे.

महाराष्ट्राचे विशेष जनसुरक्षा विधेयक शस्त्रांविषयीचे नाही. पण सुरक्षेच्या नावाने आलेले विधेयक कसे वाचावे, याची परीक्षा त्यानेही घेतली. जुलै २०२४ मध्ये ते मांडले गेले, पुढे संयुक्त समितीकडे गेले, आणि समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. काही शब्द बदलले, तरीही जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. हरकतींचे ते ढीग वाया गेले असे मी मानत नाही. विधेयक वाचणारे, त्याची कलमे गावोगाव समजावून सांगणारे हजारो लोक त्यातून तयार झाले. विधेयक मांडण्याच्या दिवसापासून ही तयारी असेल, आणि तिच्यामागे कारखान्यातील व शेतातील संघटना उभी असेल, तर पुढचा सामना वेगळा होईल.

म्हणून प्रत्येक शाखेने हे काम अंगावर घ्यावे. अधिवेशनात कोणती विधेयके येत आहेत यावर नजर ठेवावी, त्यांचा मूळ मसुदा मिळवावा, तो सभासदांच्या बैठकीत कलमवार वाचावा आणि तीन प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत लिहून कामगार वस्तीत न्यावीत. सत्ताधारी वर्ग कायद्याची भाषा अवघड ठेवतो, ती सोपी करून सांगणे हे आपले राजकीय काम आहे.

लाल सलाम!