पहारा आणि हजेरीपट

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीला उतरले की समोर लोहगड आणि विसापूर उभे दिसतात. लोहगड चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. मावळातल्या शाळांच्या सहली तिथे नेहमीच जातात. २०२५ साली गडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. दरवाजे सगळेच पाहतात. दरवाजामागची व्यवस्था मात्र दगडात दिसत नाही, ती शिक्षकालाच सांगावी लागते.

शिवकाळात गडावर एकट्याची सत्ता नसे. हवालदाराकडे दरवाजांच्या किल्ल्या, सबनिसाकडे हिशेब आणि हजेरी, सरनौबताकडे शिबंदी आणि पहारा, कारखानिसाकडे धान्यसामग्री. म्हणजे दारावर कोण आला हे पाहणारा निराळा आणि चाकरीत कोण आहे हे लिहिणारा निराळा. आता समजा, सबनिसाने सकाळी एकाचे नाव हजेरीतून काढले आणि संध्याकाळपर्यंत ते दारावर कळलेच नाही. पहारेकरी त्याला ओळखीचा माणूस म्हणून आत घेणारच ना?

तुम्ही म्हणाल, गडाची गोष्ट आज कशाला? तर आज बँका, कारखाने, सरकारी कचेऱ्या यांच्या संगणकांवरही असेच दोघे बसवलेले असतात. एक पहारेकरी: कोण कधी शिरला, काय उघडले, याच्या नोंदी गोळा करून तो संशय आला की इशारा देतो. याला सिक्युरिटी मॉनिटरिंग म्हणतात. दुसरा सबनीस: कोण नोकरीत आहे, त्याला कोणते अधिकार आहेत, ते कोणी मंजूर केले आणि कधीपर्यंत, हे तो सांभाळतो. याला आयडेंटिटी गव्हर्नन्स असे भारदस्त नाव आहे. दोघेही आपापले काम चोख करतात. पण पुष्कळ ठिकाणी त्यांची एकमेकांशी बोलचालच नसते.

मी काही वर्षे एका संस्थेत संगणकाचे काम पाहत असे. नाव सांगत नाही. एका रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पहाऱ्याच्या यंत्राने इशारा दिला, की अमुक नावाने कोणी सभासदांची यादी उतरवून घेत आहे. रात्रपाळीच्या मुलाने पाहिले. नाव ओळखीचे, पासवर्ड बरोबर. त्याने इशारा मिटवला. सकाळी कळले, ते गृहस्थ तीन आठवड्यांपूर्वीच नोकरी सोडून गेले होते! आस्थापना शाखेला हे ठाऊक होते, कारण शेवटचा पगार तिनेच काढला होता. यादी गेली ती गेलीच. बोलणी त्या मुलाला बसली. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. त्याच्यापुढे हजेरीची वही होतीच कुठे?

हे दोघे जोडायचे म्हणजे काय करायचे? इशारा आला की यंत्राने स्वतःच वही विचारायची: हा माणूस कामावर आहे का, रजेवर आहे का, हे दालन त्याचे आहे का? उत्तर इशाऱ्याच्या शेजारी लिहून आले की रात्रपाळीच्या मुलालाही निर्णय घेता येतो. उलट दिशेनेही निरोप जावा. संशय पक्का झाला की त्या नावाची किल्ली तात्पुरती थांबावी आणि वरिष्ठाकडे विचारणा जावी.

ऐकायला सोपे आहे, करताना घाम निघतो. एकच पाटील एका यंत्रात ‘आर. पाटील’, दुसऱ्यात ‘पाटील आर. बी.’ आणि तिसऱ्यात नुसता ४०२१ असतो. या साऱ्यांची गाठ आधी एका कर्मचारी क्रमांकाशी घालावी लागते. निम्मे श्रम इथेच जातात. घड्याळांचेही तसेच. पुष्कळ यंत्रे ग्रीनिचची वेळ लिहितात, आपली त्यापुढे साडेपाच तास. आमची ती रात्रीची एक वाजून दहाची नोंद एका कागदावर आदल्या संध्याकाळचे सात चाळीस अशी पडली होती. त्या वेळी कोणीही कामात असू शकतो! २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने घड्याळे जुळवण्याचा, नोंदी १८० दिवस जपण्याचा आणि अशा घटना सहा तासांत कळवण्याचा आदेश काढला, तो उगाच नव्हे.

आणखी एक सावधगिरी. पहारेकऱ्याला वही वाचू द्यावी, फार तर एखादे नाव थांबवू द्यावे. नवे नाव लिहू देऊ नये. नाहीतर चोराने पहारेकऱ्यालाच फितवले की वही त्याची झाली. आणि पहिले काही महिने थांबवण्याचा हुकूम माणसानेच द्यावा. पगाराच्या दिवशी खोट्या इशाऱ्याने हिशेबनिसाचीच किल्ली बंद पडली, तर अख्खी कचेरी त्या यंत्राला शिव्या देईल, आणि देईल ते योग्यच.

विचारणारा आणि वही यांच्यातली वाट चोराच्या हाती गेली तर काय होते, ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत दिसले. प्रकार थोडा निराळा होता. बनावट कार्डांवर पैसे मागितले जात होते, आणि त्या मागण्यांना मधेच बसवलेली चोरांची यंत्रणा होकार देत होती. खात्याच्या वहीपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. २८ देशांतून पैसे काढले गेले, आणि सारे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

आमच्या संस्थेत त्या रात्रीनंतर आम्ही पहिले काम केले ते अगदी साधे. लॉगिनची यादी आणि पगारपत्रक शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहिले. सतरा नावे जास्त निघाली. त्यांतले एक गृहस्थ वारून दोन वर्षे झाली होती, आणि त्यांचे लॉगिन मात्र आदल्याच दिवशी उघडले गेले होते. आम्ही घाबरलो. चौकशीत कळले, त्यांच्या जागी आलेल्या मुलीचा नव्या लॉगिनचा अर्ज कुठे तरी अडकून पडला होता, म्हणून साहेबांनीच तिला तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला होता. चिठ्ठी अजून तिच्या मेजाच्या काचेखाली होती.